सवलत म्हणून दिलेली वगळणूक कानांनी ऐकताना: ‘ओयेझ’ या ध्वनिसंग्रहाचे परीक्षण

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील तोंडी युक्तिवाद मूळ आवाजात ऐकवणारे ‘ओयेझ’ हे संकेतस्थळ कायद्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नावाने माहीत असते. मात्र एखादा विषय हाती धरून त्याचा नेटाने वापर केलेला कोल्हापुरात तरी माझ्या फारसा पाहण्यात नाही. मी येथे फौजदारी बाजूची वकिली करते, आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या कार्यालयात ज्युनिअर वकील व लॉच्या काही विद्यार्थिनी वाचनासाठी जमतात. या पावसाळ्यात आम्ही एकच विषय लावून धरला: सक्तीच्या ज्यूरीसेवेतून, म्हणजे खटल्यात कौल देण्यासाठी बोलावल्या जाणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याच्या कामातून, स्त्रियांना बाजूला ठेवणारे अमेरिकी कायदे, आणि ते एकेक करून कसे मोडीत निघाले. निकालपत्रे आम्ही वाचणारच होतो, पण त्यांच्या जोडीला युक्तिवादही ऐकायचे ठरवले. पुढचे परीक्षण या संग्रहाच्या तेवढ्याच वापरावर आधारलेले आहे, आणि ते मुख्यतः आपल्याकडच्या शिकणाऱ्या वकिलांसाठी लिहिले आहे.

आधी सेवेची ओळख. त्या न्यायालयाने ऑक्टोबर 1955 पासून युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. ती मुद्रणे सामान्य माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम जेरी गोल्डमन या प्राध्यापकांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असताना सुरू केले; पुढे कॉर्नेल विद्यापीठाची कायदेविषयक माहिती संस्था, जस्टिया आणि शिकागो-केंट कॉलेज ऑफ लॉ यांनी मिळून ते चालवायला घेतले. ऐकण्यासाठी पैसे पडत नाहीत. खटल्याचे पान उघडले की वस्तुस्थिती, न्यायालयापुढचा प्रश्न आणि निष्कर्ष थोडक्यात वाचायला मिळतात, कोणत्या न्यायमूर्तींनी कोणत्या बाजूने मत दिले ते कळते, आणि युक्तिवाद सुरू केला की त्याचे शब्दांकन आवाजाच्या बरोबरीने पुढे सरकत राहते. एखादे वाक्य निसटले तर शब्दांकनातल्या त्याच वाक्यावर जावे, आवाज तिथून पुन्हा सुरू होतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या आणि अमेरिकी उच्चार कानावरून न गेलेल्या मुलींना ही एक सोय इतकी उपयोगी पडली की केवळ तिच्यासाठीसुद्धा मी या संग्रहाची शिफारस करेन.

ऐकायला सुरुवात आम्ही ‘हॉइट विरुद्ध फ्लोरिडा’ या 1961 च्या खटल्यापासून केली. टॅम्पाच्या ग्वेंडोलिन हॉइट यांनी नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचा संशय, त्यातून आलेली भांडणे आणि समेटाच्या प्रयत्नांना त्याने दिलेला शेवटचा नकार, या साऱ्यानंतर बेसबॉलच्या बॅटने त्याच्यावर घाव घातला, आणि त्यात तो मेला. ज्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले, तिच्यात एकही स्त्री नव्हती. फ्लोरिडाच्या कायद्याने स्त्रियांना ज्यूरीत बसण्याची बंदी केलेली नव्हती, हे इथे नीट ध्यानात घ्यावे लागते. कायदा इतकेच म्हणत होता की पुरुषाचे नाव यादीत आपोआप येईल, आणि स्त्रीचे मात्र तिने स्वतः कोर्टाच्या कार्यालयात जाऊन नोंदवले तरच येईल. परिणाम आकड्यांत पाहावा. त्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, सुमारे 46,000 स्त्रिया मतदार होत्या. स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या निघाल्या 220. आणि 1957 च्या 10,000 नावांच्या ज्यूरीयादीत स्त्रिया होत्या 10. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने कायम ठेवला. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालपत्रात लिहिले की स्त्री ही अजूनही घराचा आणि कुटुंबजीवनाचा केंद्रबिंदू मानली जाते, आणि म्हणून तिला या नागरी कर्तव्यातून मोकळे ठेवण्यात राज्याने गैर काही केलेले नाही.

हा निकाल लागला 20 नोव्हेंबर 1961 रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी, 24 नोव्हेंबर 1961 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नानावटी खटल्याचा, म्हणजे नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराचा खून केल्याच्या खटल्याचा, निकाल दिला. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने नानावटींना आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले होते, न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तिथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दोन्ही खून संसारातल्या संशयातून आणि बेइमानीतून घडलेले, दोन्हींत ज्यूरी बसलेली. नवऱ्याचा संताप म्हणजे काय, हे समजणारी माणसे ज्यूरीत बसावीत याची वेगळी तजवीज कोणाला करावी लागत नव्हती. हॉइट यांच्या वकिलांना मात्र, बायकोच्या मनाची तडफड स्त्रियांना अधिक उमगेल आणि म्हणून त्या ज्यूरीत असायला हव्या होत्या, हे वॉशिंग्टनपर्यंत जाऊन सांगावे लागले, आणि ते मान्य झाले नाही. नानावटी खटल्यातले युक्तिवाद आपल्याला फक्त वाचता येतात, कारण त्या काळी आपल्याकडे सुनावणीचे ध्वनिमुद्रण होत नसे. हॉइटचे मात्र ऐकता येतात, आणि संग्रहाचे मोल तिथेच जाणवू लागते.

हे मुद्रण ऐकल्यावर एका ज्युनिअरने विचारले, “मॅडम, बायकांनीच नावं नोंदवली नाहीत तर त्याला कोर्ट काय करणार? कुणी अडवलं होतं काय त्यांना?” प्रश्न रास्त होता, आणि पुढच्या सगळ्या ऐकण्याला त्यानेच दिशा दिली. पुरुषाला घरी बसल्या जागी समन्स येते आणि न गेल्यास दंड होतो. स्त्रीला त्याच कामासाठी काम सोडून, मुले कोणाकडे तरी ठेवून, कोर्टात जाऊन ‘मला बोलवा’ असा अर्ज करावा लागतो. दोघांवर एकसारखी सक्ती असती आणि खरी अडचण सांगणाऱ्याला, मग तो बाप असो की आई, सूट मिळाली असती, तर यादी कशी दिसली असती, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. ज्या यादीत शिरायलाच वेगळी वाट ठेवली आहे, तिच्यातल्या गैरहजेरीला ‘त्यांचीच इच्छा नव्हती’ असे म्हणणे मला कधीही पटलेले नाही. सक्ती ही ओझे असते हे खरे, पण कोणाचा निवाडा ज्याच्याशिवाय पुरा होत नाही त्यालाच ते ओझे दिले जाते.

‘टेलर विरुद्ध लुईझियाना’ हा 1975 चा खटला आम्ही भरभर ऐकला, कारण त्यातले तत्त्व निकालपत्रात अधिक स्पष्ट आहे. बिली टेलर हा पुरुष आरोपी. त्याच्या खटल्यासाठी बोलावलेल्या 175 जणांत एकही स्त्री नव्हती, आणि त्या जिल्ह्यात ज्यूरीसाठी पात्र असलेल्यांत स्त्रिया 53 टक्के होत्या. आरोपीला समाजाच्या सर्व थरांतून निवडलेली ज्यूरी मिळण्याचा हक्क आहे आणि स्त्रियांना बाजूला ठेवून असा गट तयार होत नाही, असे न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले. स्त्री आरोपी हॉइट हरली आणि चौदा वर्षांनी पुरुष आरोपी टेलर जिंकला, ही गोष्ट आमच्या गटातल्या मुलींना फार लागली. कायद्याच्या दृष्टीने त्याचे कारण सरळ आहे: हॉइटमधला वाद अमेरिकी घटनेतल्या समान संरक्षणाच्या कलमाभोवती फिरला, तर टेलरमधला आरोपीच्या निःपक्ष ज्यूरीच्या हक्काभोवती. पण कारण कळले म्हणून सल जात नाही, आणि ती जाऊ नये असेच मला वाटते.

या संग्रहातला सर्वात मोलाचा ठेवा माझ्या मते ‘ड्यूरेन विरुद्ध मिसुरी’ हा आहे. युक्तिवाद 1 नोव्हेंबर 1978 चा, निकाल 9 जानेवारी 1979 चा. मिसुरीच्या कायद्याने स्त्रीला यादीत घातले होते, पण मागेल तिला सूट ठेवली होती. ही सूट प्रत्यक्षात कशी चाले ते पाहण्यासारखे आहे. आधी ज्यूरीपात्रतेची प्रश्नावली घरी येई, आणि तिच्यात स्त्रियांसाठी ठळकपणे लिहिलेले असे की सेवा करायची नसेल तर तसे कळवा. तिथून जी पुढे जाई तिला समन्स येई, आणि समन्सवर पुन्हा तीच सूचना. एवढे होऊनही जी स्त्री ठरल्या दिवशी हजर राहत नसे, तिने सूट घेतली आहे असे गृहीत धरले जाई. म्हणजे पुरुषाची गैरहजेरी ही कसूर आणि स्त्रीची गैरहजेरी हा तिचा अर्ज. जॅक्सन काउंटीत प्रौढ लोकसंख्येत स्त्रिया 54 टक्के होत्या. समन्स गेलेल्यांत त्या 26.7 टक्के उरल्या. आणि आठवड्याच्या गटात प्रत्यक्ष येऊन बसलेल्यांत 14.5 टक्के. आरोपी ड्यूरेनच्या खटल्यासाठी बोलावलेल्या 53 जणांत स्त्रिया 5 होत्या आणि शेवटी बसलेली ज्यूरी बाराही पुरुषांची. त्याच भागातल्या संघराज्य न्यायालयात, जिथे अशी सरसकट सूट नव्हती, स्त्रियांचे प्रमाण सुमारे 40 टक्के होते. माझ्या ज्युनिअरच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे: त्याच गावच्या, तशाच संसारातल्या स्त्रिया, दुसऱ्या न्यायालयाने पुरुषांसारखेच बोलावल्यावर येत होत्या.

ड्यूरेनच्या बाजूने दोघांनी युक्तिवाद केला, आणि त्यातल्या एक होत्या पुढे त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग. वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयापुढचा त्यांचा हा शेवटचा युक्तिवाद. त्यांचा आवाज ऐकावा असा आहे: सावकाश, प्रत्येक शब्द तोलून, वाक्य पुरे केल्याशिवाय न थांबणारा. स्त्रीला दिलेली ही खास मुभा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिली की ती स्त्रीला दुय्यम नागरिक मानणाऱ्या जुन्या दृष्टीचीच खूण ठरते, असा त्यांच्या मांडणीचा आशय. आपल्या कोर्टांत ज्या मुलींना ‘मोठ्याने बोला’ असे सतत ऐकवले जाते, त्यांना मी हा युक्तिवाद मुद्दाम ऐकवते. आवाज न चढवता मुद्दा शेवटापर्यंत कसा न्यायचा, हे याहून चांगले शिकवणारा पाठ मला माहीत नाही. मिसुरीची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकील नॅनेट लॉफ्रे याही स्त्रीच होत्या, आणि राज्याचा बचाव त्या तितक्याच निष्ठेने करताना ऐकू येतात. त्यांना त्या वादात उभे राहण्याचा अधिकार होता. त्यांच्या राज्याच्या कायद्याने मात्र ज्यूरीच्या बाकावरची त्यांची जागा ऐच्छिक ठरवली होती.

गिन्सबर्ग यांचे बोलणे संपत आले असताना न्यायमूर्ती रेन्क्विस्ट विचारतात की नव्या डॉलरच्या नाण्यावर सुझन बी. अँथनी यांचे चित्र घालून तुमचे समाधान होणार नाही तर? स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या अँथनी यांच्या चित्राचे ते नाणे पाडण्याचा कायदा त्याच्या काही आठवडे आधी झाला होता. कागदावर हे वाक्य थट्टेचे म्हणून वाचून पुढे जाता येते. ऐकताना तसे होत नाही, कारण त्याआधी आपण तो सगळा गंभीर युक्तिवाद ऐकलेला असतो. आणि सुझन बी. अँथनी यांचे नाव नेमके या खटल्यात निघावे याचा मला आजही संताप येतो. 1872 च्या निवडणुकीत मत दिल्याबद्दल त्यांच्यावर 1873 मध्ये खटला चालला, तो फक्त पुरुषांच्या ज्यूरीपुढे, आणि तिथे न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी ज्यूरीला विचारविनिमयाची संधीही न देता दोषी असा कौल नोंदवायला लावला. 100 डॉलरचा दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. ज्यूरीत स्त्री नसणे म्हणजे काय, हे जिच्या आयुष्यात घडले तिचे नाव ज्यूरीच्याच खटल्यात हलक्या सुरात घेतले जाते. निकाल आठ विरुद्ध एक असा ड्यूरेनच्या बाजूने लागला. विरोधातले एकमेव मत रेन्क्विस्ट यांचेच होते. मुले सांभाळणाऱ्या माणसाला सूट देता येईल, पण ती सरसकट सगळ्या स्त्रियांना देता येणार नाही, हे न्यायालयाने तिथे स्पष्ट केले.

मर्यादांविषयी आता बोलले पाहिजे. खटल्याच्या पानावरची वस्तुस्थिती इतकी आटोपशीर असते की वर दिलेले आकडे आणि समन्सचा तपशील तिच्यातून कळत नाही. त्यासाठी निकालपत्र हातात असावेच लागते. जुन्या मुद्रणांत आवाज कुठे बसका, कुठे दूरचा लागतो, आणि सगळा व्यवहार इंग्रजीत असल्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणी सोबत बसून समजावल्याशिवाय तो झेपणार नाही. शिवाय कहाणीचा उगम या संग्रहात ऐकू येणे शक्यच नाही: 1880 च्या ‘स्ट्रॉडर’ खटल्यात कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळणारा कायदा न्यायालयाने रद्द केला, आणि त्याच निकालात, राज्याला वाटल्यास ज्यूरी पुरुषांपुरती ठेवता येईल, असेही म्हणून ठेवले. हे एक वाक्य माहीत नसेल तर पुढची जवळजवळ शंभर वर्षे उलगडत नाहीत. ड्यूरेननंतर ‘जे. ई. बी. विरुद्ध अलाबामा’ हा 1994 चा खटला अवश्य घ्यावा. त्यात पितृत्वाच्या दाव्यात राज्याने कारण न देता ज्यूरीसदस्य नाकारण्याच्या आपल्या दहापैकी नऊ संधी पुरुषांना काढण्यासाठी वापरल्या आणि ज्यूरी पूर्णपणे स्त्रियांची झाली. न्यायालयाने लिंगावरून केलेली ही वगळणूकही घटनाबाह्य ठरवली. तोवर गिन्सबर्ग स्वतः त्या न्यायासनावर बसल्या होत्या आणि बहुमतात होत्या.

आपल्याकडे ज्यूरीच उरलेली नाही, मग हे ऐकून काय करायचे, असे बार रूममध्ये एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी मला विचारले. आपल्याकडची ज्यूरी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपवली, पण तिच्याआधीच्या 1898 च्या संहितेचा मूळ पाठ पाहिला तर ज्यूरीसेवेची सक्ती 21 ते 60 वर्षांच्या पुरुषांवर होती. स्त्रियांचा त्यात विचारच नव्हता. वकिलीचे दार स्त्रियांना उघडणारा कायदा 1923 मध्ये आला, तेव्हाही खटल्यात कौल देणाऱ्यांच्या बाकावर त्यांना कोणी बोलावले नव्हते. आणि नागरिकाला बोलावून न्यायाच्या कामाला लावण्याची एक पद्धत आजही रोज चालू आहे, ती म्हणजे पंच. झडतीसाठी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 103 सांगते, आणि लेखी आदेश मिळूनही विनाकारण नकार देणे हा गुन्हा आहे. कलमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. तरीही माझ्या हातून गेलेल्या पंचनाम्यांवर स्त्री पंचाची सही क्वचितच आढळते. गंगावेशीजवळच्या एका प्रकरणात झडती झालेल्या खोलीला लागून एका बाईंचे किराणा दुकान होते, त्या दिवसभर तिथेच बसून होत्या, आणि पंच म्हणून सही होती दोन गल्ल्या पलीकडच्या पानपट्टीवाल्याची. उलटतपासात कारण विचारले तेव्हा तपास अधिकारी म्हणाले, “बाईमाणसाला कशाला कोर्टाचे हेलपाटे, म्हणून नाही घेतलं.” त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता, आदरच होता. हार्लन यांच्या निकालपत्रातही आदरच आहे.

इथे एक फरक करायला हवा. साक्षीदार स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावू नये, हे त्याच संहितेच्या कलम 179 मधले संरक्षण मी या पंक्तीत बसवत नाही. पोलीस ठाण्यात काय घडू शकते, याच्या अनुभवातून ते आले आहे आणि ते राहिलेच पाहिजे. ते स्त्रीची साक्ष कमी करत नाही, ती घ्यायची जागा बदलते. पंच म्हणून तिला टाळले जाते तेव्हा मात्र तिचे पाहणे आणि तिचे सांगणे दोन्ही खटल्यातून नाहीसे होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण 27 सप्टेंबर 2022 पासून सुरू केले, आणि शिवसेनेच्या खटल्यात फेब्रुवारी 2023 मध्ये युक्तिवादांचे यांत्रिक शब्दांकनही पहिल्यांदा झाले. म्हणजे कच्चा माल आपल्याकडे आता साठू लागला आहे. तो खटलावार लावून, आवाज आणि शब्द एकत्र बांधून, मराठी सारांशासह कोणी उपलब्ध करून दिला तर त्याचा उपयोग केवढा होईल, हे ओयेझ वापरल्यावर कळते. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक दशके लढून मिळवलेले मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर बसू लागले आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या नव्या मुलींना मुंबईच्या जुन्या नामवंतांच्या आठवणी सांगण्याबरोबर असे मूळ युक्तिवादही ऐकवायला हवेत.

वापरायचे असेल त्यांच्यासाठी माझा सल्ला असा. आधी स्ट्रॉडर आणि हॉइटची निकालपत्रे वाचावीत, मग हॉइट ऐकावा, टेलर वाचला तरी चालेल, आणि ड्यूरेनसाठी पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. साधारण तासाभराचा युक्तिवाद थांबत थांबत ऐकायला दुप्पट वेळ लागतो. ऐकताना एका कागदावर 54, 26.7, 14.5 आणि 40 हे चार आकडे लिहून समोर ठेवावेत, म्हणजे न्यायमूर्ती ‘त्या स्वतःच येत नाहीत’ या मुद्द्याकडे वळतील तेव्हा वकिलाने काय उत्तर द्यायला हवे, हे प्रत्येकीला आधी स्वतः शोधता येते. एकट्याने मोबाइलवर ऐकणार असाल तर इअरफोन लावा. गटात ऐकणार असाल तर बाहेरचा एक बरा स्पीकर घ्या, कारण लॅपटॉपच्या आवाजात 1961 चे मुद्रण नीट उमटत नाही. लॉच्या दुसऱ्या वर्षापासून पुढच्या प्रत्येकाला, आणि पंचनामा लिहिणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही, मी या संग्रहाची निःसंकोच शिफारस करते.